रवीच्या डिस्कची आंघोळ

चौसाळा,
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वर्षाराणीस आईचा आशीर्वाद.

बरं हाय असं लिहायची रीत हाय, पण बरं काई न्हाई. काल दसऱ्याला रवीच्या स्टुडिओतलं सामान पुजलं. त्या काळ्या डिस्कवर लई धूळ होती. किराणा दुकानातली मापं धुतो तशी मी ती पाण्यात बुचकळली गं! पुसून भस्म लावलं, फूल वाहिलं. सकाळी तुझ्या दादानं, अमरनाथनं, कॉम्प्युटरला लावली, तर आत काईच दिसंना. त्यानं कपाळालाच हात लावला.

रवीची फिल्म तिच्यातच होती. मला ऐकू येत न्हाई म्हणून कॅमेऱ्यापुढं बसून, ओठ सावकाश हलवत माझ्याशी बोललेला. तो गेल्यापासून रोज दुपारी मी ती बघायची अन् त्याला उत्तर द्यायची. आता कुणाला देऊ? एकदा अपघातानं नेला, दुसऱ्यांदा मी घालवला. डिस्क अमरनाथबरोबर धाडलीय. दुरुस्तीवाल्याचे पाय धर, पण माझं लेकरू काढून आण.

या येडीवर माया राहू दे.
तुझी आई, शिवकांता

अंबाजोगाई,
१२ ऑक्टोबर

ति. आईस, शि. सा. न. वि. वि.

जेवत नाहीस असं दादा म्हणाला. हे काय चालवलंयस? डिस्कला आंघोळ घालणारी अख्ख्या जिल्ह्यात तूच! दुरुस्तीवाले सुंदरराव आधी हसले, रवीचं सांगितल्यावर लगेच कामाला बसले. म्हणाले, कोणती फाईल कुठं आहे ही आतली नोंदच बिघडलीय. सामान आहे, पण तुकडे शोधून जोडावे लागतील. रवीनं शूटिंग केलेली लोकांची लग्नं निघताहेत, आपला रवी अजून नाही. तू दोन घास खा, माझी शपथ आहे.

तुझी, वर्षा

अंबाजोगाई,
२ नोव्हेंबर

ति. आईस, शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू तेच कळत नाही. फाईल सापडली, पण चित्र निघालं नाही. सगळं काळं. सुंदररावांनी हात टेकले. आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत साफ आहे. उलटं का नाही झालं गं आई? त्याचं सगळं बोलणं वेगळ्या कागदावर उतरवून सोबत धाडलंय.

रागावू नकोस.
वर्षा

चौसाळा,
८ नोव्हेंबर

चि. सौ. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझ्यावर कशापायी रागावू? कागद मिळाला. ते बोलणं मला पाठच हाय. मला त्याचं तोंड पायजे होतं.

रवी पोटात होता तवा तापात माझे कान गेले. अमरनाथचं, तुझं रडणं मी ऐकलं, त्याचं न्हाई. कधी कुणाला विचारलंबी न्हाई. तोंड दिसतंय, बास झालं, असं वाटायचं. आता तेबी न्हाई, म्हणून विचारते. त्याचा आवाज कसा होता गं? तुझ्या आप्पासारखा होता का? आप्पाचा मला अजून आठवतो.

लोभ हायेच, एवढं मात्र कळव.
तुझी आई