बिनभोकाचे डबे

१४ जुलै १९७४
रोपांची खालची पानं पिवळी. काल नुसती टोकं होती, आज अख्खी. मिरची असती तर उपटून फेकली असती. पण ही भांग आहे, आणि अण्णांसाठी आहे. पोटातल्या गाठीनं वडिलांची झोप उडाली ती उडालीच. डॉ. म्हणतात, "वयाचा विचार करता..." वाक्य पुरं करणं फीमध्ये येत नसावं. बाजारातली भांग अण्णांना नको. "त्यात काय काय मिसळत्यात रांडेचे. घरची पानं वाटून दे, मग झोपतो का न्हाय बघ." बी त्यांच्या मंगळवेढ्याच्या दोस्तानं धाडलं. शेजारी हवालदार राहतो, म्हणून बाग माझ्या लिहायच्या खोलीत, तुपाच्या रिकाम्या डब्यांत. जन्मभर दुसऱ्यांची बिंगं छापली. आता माझ्याच खिडकीला पडदा.

१६ जुलै
बापटसाहेबांना गाठलं. शेतकी खात्यातून निवृत्त. म्हटलं, मिरचीची रोपं आहेत, खालून पिवळी पडतायत.
"नत्र कमी. युरिया द्या चिमूटभर."
"मिळतो कुठं?"
"मिळत नाही. पण द्या."
माणूस खात्यातून गेला, खातं माणसातून गेलेलं नाही. "एखादं आणून दाखवा की." म्हटलं, फार लाजरी आहेत.
शेवटी ओळखीनं चिमूटभर मिळवला. पाण्यात विरघळवून घातला.

१९ जुलै
आणखी पिवळी. एक तर बुडाशी मऊच. सौ.चं निदान: "ऊन कुठाय? त्या पडद्याआड माणूससुद्धा पिवळा पडेल."
"मी पडलो का?"
"तुम्ही आधीपासूनच तसे."
हिनं घरात नशेचं झाड नको म्हणून अबोला धरला होता. निदानाला मात्र हजर. बाहेर आठवडाभर ढग, थेंब नाही.
संपादकांचा निरोप: हरितक्रांतीवर काहीतरी खुसखुशीत हवं. वा.

२२ जुलै, श्रावणी सोमवार
सकाळी खोलीत गेलो तर सौ. तांब्या घेऊन वाकलेली. महादेवावरून उतरलेलं अभिषेकाचं पाणी डब्यांत चाललेलं.
"नशेचं झाड ना हे?"
"नशा माणसांची. झाड महादेवाचं."
"आज सोमवार म्हणून?"
तांब्या पुरता उपडा करत, "रोजच घालते. देवाचं पाणी मोरीत ओतू?"
आवाज चढवणार, तोच पलीकडच्या खोलीतून अण्णा: "तिला बोलू नगं. मी बी घालतो की." उशाशी पेला असतो, त्यातलं उरलेलं. भिंत धरत धरत येतात म्हणे, मी चहाला बसलो की. "भात्तरच्या दुष्काळात ह्याच डब्यांतनं टँकरचं पानी आणलं आपुन. उरलं म्हून टाकायचं व्हय?"
आणि मी सकाळ-संध्याकाळ. शास्त्रशुद्ध.
तिघं. कुणी कुणाला न सांगता. आणि डब्यांना भोक नाही. सौ.नंच पाडू दिलं नव्हतं. पुन्हा तसं साल आलं तर पाणी कशात भरायचं? तेव्हा मलाही पटलं होतं.
मातीत बोट घातलं. चिखल. गटाराचा वास. ना नत्र, ना ऊन. सोलापुरात बुडून मरायचा मान माझ्या झाडांनी मिळवला.

२३ जुलै
सौ. डब्यांना हात लावू देईना. अण्णा खाटेवरून, "पाड रं भोकं. फुडचा दुष्काळ मी काय बघत न्हाय."
मग तिनंच खिळा आणि बत्ता आणून दिला.
काळं पाणी गळलं. ते तिनं परातीत धरलं. आणि परात घेऊन घराच्या मधोमध उभी, आता हे ओतायचं कुठं? हसू आलं. मला एकट्याला.

२७ जुलै
पाणीबंदी. दोनच रोपं उभी, बाकी बुडातून कुजली. अण्णा सकाळी उठल्या उठल्या, म्हणजे झोपलेच असले तर, "काय म्हणत्यात?"
"खालची पानं गेली. शेंडा ताठ आहे."
"मग झालं की. खालचं जायाचंच."
डॉ. येऊन गेले. अण्णांच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. "पाणी साठलंय. आता पाणी बेतानं द्या." म्हटलं, हे निदान आमच्याकडे आधीच झालंय, फक्त दुसऱ्या खोलीत. हसले नाहीत.
अण्णांनी मला विचारलं, "वाटायजोगी कवा व्हतील?"
"दिवाळीपर्यंत."
डॉ. दारात चपला घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

३१ जुलै
लेख छापून आला. संपादक म्हणे हसून हसून लोळले. त्यात मी 'शेतकरी झालेला साहेब' असा नग उभा केलाय. लोकांना बापट वाटतील. पाणी घालणारा हात कुणाचा होता, ते लेखात नाही.

२ ऑगस्ट
एका रोपाला नवी पालवी. करवतीच्या दात्यांसारख्या कडा. हिरवीगार.
काल अण्णांना म्हटलं, तोवर बाजारातली आणतो. "नगं. ही येत्यात न्हवं?" असं म्हणाले की पुढं मला...
आज सकाळी उशाचा पेला काठोकाठ. एक घोटही घेतलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत. वाकून पाहिलं, श्वास चालू आहे. झोप लागली असेल. लागतेही कधी कधी.
पेला उचलून बाहेर आलो. डब्यांना चालणार नाही. मोरीपर्यंत गेलो, ओतवेना. परत आलो.
टेबलावर ठेवलाय. भरलेला.