आत्याच्या कुंपणाचं बटण

बटण बंद केलं तेव्हा तुझी काळी शेळी माझ्याकडेच पाहत होती. तिला कळलं असावं. (आत्या, नमस्कार राहिलाच. तुझे गुडघे कसे आहेत? ताईचं बाळ झोपू देतं का? इकडे सर्व ठीक. म्हणजे, होतं.)

शेजारच्या माळावरच्या आमच्या अँटेनांना तू कपडे वाळत घालायच्या काठ्या म्हणतेस, म्हणून पुन्हा सांगतो. फार लांबून, ताऱ्यांपलीकडून, कण येतात, हवेवर आदळून फुटतात आणि रेडिओचा एक बारीक ठोका उमटतो. वर वादळी ढग असला की त्यातल्या विजेच्या ताणाने तो ठोका पिळला जातो. पिळावरून आम्ही ताण ओळखतो. (तू म्हणाली होतीस, ‘मेल्यांनो, ढगाच्या पोटात काय दुखतंय ते खाली बसून विचारता होय?’ अगदी तसंच.)

सरांनी बजावलं होतं : या वादळात एकही स्वच्छ ठोका मिळाला नाही, तर अँटेना उपटून नेतील आणि माझी नोकरीही त्यांच्यासोबत जाईल. म्हणून ढग येताच आम्ही विजेची खरखर मिसळू नये यासाठी दिवे, पंखा, चहाची किटली, सगळं बंद केलं. तरी ठोके येतच राहिले, ठरावीक अंतराने, एकासारखा एक. सर हरखले. विश्वाला शिस्त आहे म्हणाले. मी म्हटलं, “सर, ते आत्याचं विजेचं कुंपण आहे, शेळ्या अडवायला थोड्या थोड्या वेळाने झटका सोडतं.”

“मग पळ ना, गाढवा!”

पळालो. बटण बंद करून परतलो तर पडदा शांत. मग एकच ठोका आला, सुरेख पिळलेला. सरांनी मला मिठी मारली. पुढचा येणार तोच पडदा कोरा. बाहेर तुझी काळी आमची वायर चघळत होती, कोवळ्या पाल्यासारखी. बाकीच्या तिच्यामागे रांगेत उभ्या.

त्या एका ठोक्यावर अँटेना राहिल्या, मीही राहिलो. शेळ्या परत कोंडल्या. (काळी सोडून. ती अंधारात कुठे गेली ते कळलं नाही.)

तुझा,
लाडका होतो तो भाचा

ता. क. : ताईला सध्या तुझी फार गरज आहे. वादळांचा मोसम सरेपर्यंत तिथेच राहा. कुंपण तोवर बंदच असेल.

आणखी एक : आज सकाळी काळी आपणहून आली. सर तुझे उपकार फेडायला स्वतः तिची धार काढायला बसले. तिने लाथ मारली. सर म्हणाले, या ठोक्यात बाहेरची खरखर अजिबात नव्हती.