फडावरचा ड्रम

आई,

पाया पडून लिहिते. मोबाइल बिघडलाय, म्हणून तलवाड्याला निघालेल्या गहिनीनाथ मामांच्या हाती ही चिठ्ठी देते.

ऑपरेशनचे टाके वाळले का? पाण्याची घागर उचलू नकोस. इथं उसाच्या फडात तुझ्या जागी मी मोळ्या बांधते. जेवण वेळेवर होतं. संध्याकाळी पाय उचलत नाहीत, एवढंच.

शाळेच्या बँडमधल्या ड्रमचा सराव सोडलेला नाही. पालथ्या बादलीवर उसाच्या कांड्यांनी वाजवते. अप्पा ओरडले, "लई झालं! बादली फुटली तर अंघोळ कशात करतीस?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाभळीच्या काड्या तासून दिल्या. पण मोळ्या बांधून डावा हात जड होतो आणि ताल मागं पडतो.

आपल्या शाळेचा बँड पंधरा ऑगस्टला भरलेला असतो आणि सव्वीस जानेवारीला अर्धा, कारण निम्मी पोरं ऊसतोडीला गेलेली असतात. गैरहजर मुलाचं वाद्य सर दुसऱ्याला देतात. भागवतदादाला शाळेत पाठव. दिपाली गैरहजर नाही, कामावर आहे, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगावं. सव्वीस जानेवारीआधी अप्पा मला गावाकडच्या गाडीत बसवून देणार आहेत.

तोवर ड्रम कुणीही वाजवो. त्याचा पट्टा मात्र माझ्या खांद्याच्या मापाचाच राहू दे म्हणावं.

तुझी लेक,
दिपाली