चौथ्या फेरीबद्दलचे कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा इंजिन ट्यूनिंग, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. दोनावर पोचल्यावर मी विचारलं, "पुढे उणे पाच. सांगत जाऊ का?" तेव्हा त्या पुरे म्हणाल्या. मला कोणाचा धाक नाही, कोणी भरीस घातलेलं नाही. उलट "मावशी, थोडक्यात लिहा" म्हणून वकीलबाई हात धुऊन मागे लागल्या होत्या. त्यांचं ऐकलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. वर्कशॉपच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, सामानसुमानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघरातली खिडकी उघडताना आधी जरा वर उचलावी आणि मग ढकलावी. नुसती ढकलली तर अख्खी हातात येते. आमच्या ह्यांच्या हातात दोनदा आली, आणि दोन्ही वेळा ते "मी काही केलं नाही" असंच म्हणाले. बिचारे गेले, पण खिडकी दुरुस्त झाली नाही.

२. माझे धाकटे दीर. भावजींनी चोवीस वर्षांपूर्वी माझा टॉर्क पाना नेला. नट नेमका किती आवळला हे सांगणारा हा नाजूक पाना, आणि त्यांनी त्याने न्हाणीघराचा गंजलेला नळ उघडला. तो पाना आता कायमचा त्यांचा. मात्र "वहिनी, अगदी तसाच जपून ठेवलाय" हे त्यांनी माझ्या फोटोसमोर तरी म्हणू नये. बाईमाणसाने इंजिनात हात घालू नये असंही हेच म्हणाले होते, आणि पुढे स्वतःच्या तीन गाड्या माझ्याकडेच घेऊन आले. मी काही बोलले नाही. आता बोलले, बरं वाटलं.

३. हत्यारं, लॅपटॉप आणि एक्केचाळीस वर्षांच्या वह्या, सगळं मुलीला. फक्त सिलिंडरचा दाब मोजायचा मीटर शेजारच्या लेथवाल्यांना, कारण तो निम्मा वेळ त्यांच्याकडेच असतो. त्यांनी एवढं पाळावं. टर्बो बसवून द्या म्हणत कोणीही धावत येतं. टर्बो म्हणजे इंजिनात कोंबून हवा भरणं, ते सोसायला इंजिन धडधाकट लागतं. तेव्हा आधी प्लग काढायचे, एकेका सिलिंडरला मीटर लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. तीन सिलिंडर एकशे सत्तर दाखवत असले आणि एक एकशे तीसवर रेंगाळत असला, तर गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी त्याला चहा पाजून परत पाठवावं. मी असे कितीतरी परत पाठवले. अर्धे रागावले, दुसरीकडे टर्बो बसवून घेतला, आणि त्यातले बरेच पुढे टोचन होऊन, दुसऱ्या गाडीमागे दोरीने ओढत आले.

४. वर्कशॉप आणि जमिनीत बसवलेले रोलर. ह्या रोलरवर गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी सुसाट पळवायची, म्हणजे तिची ताकद कळते. असं एकदा पळवलं की एक फेरी. हेही मुलीलाच. ती म्हणेल, मला नको. ती असं का म्हणेल ते पुढच्या कलमात आहे. वकीलबाईंच्या मते त्या कलमाचं मृत्युपत्रात काही काम नाही. त्यांची फी दिलेली आहे, त्यांनी पुढचं पान उलटावं.

५. टर्बो लावलेल्या इंजिनात इंधन वेळेआधी भडकलं की पिस्टनवर ठोका बसतो. आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तो ऐकायला आम्ही इंजिनाला तांब्याची नळी आवळतो, तिला रबरी पाइप जोडतो आणि पाइपचं दुसरं टोक कानांवर चढवलेल्या डब्यांत सोडतो. डबे माझ्या कानांवर, आणि इंधन-हवेचे आकडे बदलायचा लॅपटॉप मुलीच्या हातात. गदारोळात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. अंगठा वर म्हणजे आवाज स्वच्छ, पुढे चल. मूठ म्हणजे थांब. एकवीस वर्षं आम्ही मायलेकींनी असं काम केलं आणि एकही इंजिन गमावलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांची निळी गाडी रोलरवर होती. इंजिन तपासलेलं, ठणठणीत. तिसरी फेरी झाली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी अंगठा दाखवला. तिने हवेचा दाब थोडा चढवला. चौथ्या फेरीतही माझा अंगठा वरच होता, आणि पिस्टन फुटला.

ठोके तिसऱ्या फेरीतच सुरू झाले असणार. मला ते ऐकू आले नाहीत. त्याआधी दोन वर्षांपासून मला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते आणि मी ते कोणालाही कळू दिलं नव्हतं. ट्यूनिंगवाली बहिरी आहे म्हटल्यावर गाडी कोण आणणार? मी गाडीच्या नुसत्या थरथरीवर अंदाज बांधायचे आणि अंगठा वर करायचे.

डॉक्टर समोर, लेथवाले दारात. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मी मूठ दाखवली होती. हिचं लक्ष नव्हतं."

मुलगी म्हणाली, "आई, मला अंगठा दिसला."

"तुला काय, वाटेल ते दिसतं!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

हे धादांत खोटं होतं. मी माझी अब्रू वाचवायला पोटच्या पोरीचे डोळे खोटे पाडले. त्यानंतर तिने एकाही इंजिनाच्या आकड्यांना हात लावला नाही. प्लगचा रंग बघून इंजिनाचं दुखणं सांगणारी माझी पोर बसडेपोत टायर बदलते. मला भेटायला येते, भाजी निवडून देते, आणि खाली वर्कशॉपमध्ये पाय ठेवत नाही. मला ह्याची लाज वाटते. रोज वाटते.

ह्या कलमाची एक नक्कल दातांच्या डॉक्टरांना द्यावी. दुसरी मुलीला, माझ्या मरणानंतर.

६. वरचं शेवटचं वाक्य रद्द. कारण असं. मी सह्यांसाठी लेथवाल्यांना बोलावलं. त्यांनी पाचवं कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पेन खाली ठेवलं.

"वहिनी, मी नाही सही करणार."

"का? काय खोटं लिहिलंय?"

"सगळं खरं आहे, म्हणूनच. तुम्ही गेल्यावर पोरीला हे वाचायला लावणार, आणि तिने भांडायचं कोणाशी? फोटोशी? आधी तोंडाने सांगून या."

मला संताप आला. मी त्यांचं खानदान काढलं. मग रिक्षा केली आणि डेपोत गेले.

ती बसच्या मागच्या चाकाशी बसली होती, शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. मी वाटेत बरीच प्रस्तावना जुळवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "त्या दिवशी अंगठाच होता. मला ठोके ऐकू आले नाहीत. मी खोटं बोलले. तुझे डोळे बरोबर होते." एका दमात सांगून टाकलं.

ती काहीतरी म्हणाली. मी सवयीने मान डोलावणार होते. आठ वर्षं मी हेच करत आले आहे, ऐकू आलं नाही की मान डोलवायची. पण तेवढ्यात थांबले आणि म्हणाले, "मला ऐकू आलं नाही गं. मला ऐकू येत नाही. पुन्हा सांग."

तिने हात पुसले आणि उठून कॉम्प्रेसर बंद केला. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "म्हटलं, सहा वर्षं मी ती मूठ आठवायचा प्रयत्न करतेय, आई."

मी तिथेच, टायरच्या ढिगावर बसून रडले. ती रडली नाही. तिने मला पाणी आणून दिलं आणि रिक्षात बसवलं. माफ केलंस का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

७. कलम एक, तीन आणि चारमधलं जे मुलीला दिलं आहे, ते बिनशर्त. तिने मला माफ करो वा न करो, रोलर चालवो वा विकून टाको. कोणीही, विशेषतः भावजींनी, तिला शहाणपणा शिकवू नये.

हे सगळं मी पुन्हा वाचलं, मोठ्याने, आणि मग सही केली.

स्थळ: वर्कशॉप, रोलरशेजारचं टेबल
दिनांक: १४ मार्च, शनिवार

(सही) टर्बोमावशी

साक्षीदार:
(सही) डॉक्टरीणबाई. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. कानांची तपासणी मंगळवारी ठरली असून त्या येण्याचं कबूल झाल्या आहेत.
(सही) लेथवाले. अंगठाच होता, मी दारातून पाहिला होता. त्या दिवशी मी गप्प बसलो, तेही ह्यात लिहून घ्यावं.