शिंप्याच्या वाटणीचं घर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू बोलू देत नाहीस आणि घरी आलीस की बूड टेकत नाहीस, म्हणून लिहायला घेतलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, चालवून घे.

चर्चमध्ये तुला मंडळीची वडील, तुमच्या भाषेत एल्डर, म्हणून निवडलं तेव्हा मी नाक मुरडलं, पण आतून बरं वाटलं होतं. अशा वडिलांनी मंडळीतली घरं वाटून घ्यायची, कुणाचा विश्वास डळमळला तर त्याच्यापाशी जाऊन बसायचं. तुझ्या वाटणीला माझी शेजारीण आली आणि मी गेले दुसऱ्या वडिलांकडे, त्या शिंप्याकडे. नात्यातलं घर स्वतःकडे ठेवायचं नाही, हा म्हणे तुमचा नियम. करणाऱ्याला आजी नसावी.

शिंपी भला माणूस, न चुकता येतो. खुर्चीच्या कडेवर असा बसतो, जणू मीच त्याचं माप घेणार आहे. कशा आहात विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी डोळे मिटतो. मग प्रार्थना एवढी लांबते की चहावर साय धरते. परवा मी म्हटलं, बाबा रे, मला काही विचारशील की नाही? तर म्हणतो, आजी, तुम्हाला काय विचारायचं, आम्हीच तुमच्याकडून शिकलो. मी चहा पुढे सरकवला. वाद घालायला जीव कुठे उरलाय.

तू शनिवारी येतेस, फ्रीज पुसतेस, माझ्या गोळ्या लावतेस, पोट साफ होतं का विचारतेस आणि शेजारी पळतेस. भिंत पातळ आहे गं. नवरा गेल्यापासून ती रडते, आणि तिथे मात्र तुला घाई नसते. मागे तू तिला हळूच विचारलंस, काकू, प्रार्थना होते का हो? ती नाही म्हणाली. तू उपदेश केला नाहीस, नुसती बसून राहिलीस. मी इकडे भाजी निवडत होते, जुडी हातातच राहिली.

तुझी आई जाऊन वर्ष होत आलं. तुला वाटतं म्हातारी रडेल, मला वाटतं पोर रडेल, म्हणून आपण दोघी तिचं नाव काढत नाही. लोक म्हणतात, आजी खंबीर. कसली खंबीर, थकलेय. माझी पोर नेली आणि मला ठेवलं, तेव्हापासून मी देवाशी बोललेले नाही. चर्चमध्ये नुसते ओठ हलवते.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. आमच्या रांगेत भाकरीचं ताट तू फिरवणार आहेस. माझ्यापुढे आलीस की मी हात पुढे करणार नाही. एवढा राग पोटात ठेवून ती भाकर गिळवत नाही. चारचौघांत तू गडबडू नयेस म्हणून आधी कळवतेय. त्याआधी एकदा ये, आणि नात म्हणून येऊ नकोस, मंडळीची वडील म्हणून ये. शिंप्याला काय सांगायचं ते मी बघते. मलाही विचार, शेजारणीला विचारलंस तसं. मी चिडेन, देवाला वाट्टेल ते बोलेन, तुलाही दोन ऐकवीन. उठून जाऊ नकोस.

तुझीच,
तुझ्या आईची आई