बाबांच्या विमानातली औषधपेटी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? मी बरा आहे, म्हणजे तक्रार करण्याइतपत बरा आहे.

गुरुवारी बाबांना विमानाने माझ्याकडे पाठवायचं, पण वाटेत पुन्हा छातीत दुखलं तर विमानात काही सोय असते का, असं तू विचारलंस. "एकोणीस वर्षं तू तिथल्या औषधपेट्याच भरतोस, तुला नाही तर कुणाला माहीत," असंही लिहिलंस. खरं आहे. म्हणूनच उत्तराला आठ दिवस लागले.

सोय असते. मलमपट्टीची पेटी वेगळी, प्राणवायूचे सिलिंडर वेगळे आणि डॉक्टरनेच उघडायची मोठी पेटी वेगळी. ती भरताना मी यादी मोठ्याने वाचतो, समोरच्या बाई एकेका वस्तूला हात लावून "आहे" म्हणतात, मग नंबराचं प्लॅस्टिकचं सील लागतं. सील शाबूत तर पेटी पूर्ण; पुन्हा कुणी उघडून बघत नाही. (इतका विश्वास नवरा-बायकोतही नसतो.) गेल्या मंगळवारी बाई "आहे" म्हणाल्या खऱ्या, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांपाशी त्यांनी जांभई दिली असं मला वाटलं. (बाबांमुळे हल्ली त्या गोळ्यांपाशी माझाही आवाज अडखळतो.) त्या हात धुवायला गेल्या आणि मी सील तोडलं. गोळ्या होत्या. नवं सील लावलं. मग वाटलं, गोळ्या बघितल्या, तारीख कुठे बघितली? तोडलं. तारीखही ठीक होती. तिसऱ्यांदा तोडलं ते स्टेथोस्कोप चालतो का हे बघायला. स्वतःच्याच छातीला लावला. ठोके असे धडाधड ऐकू आले की मी घाबरून पेटी मिटली, चौथं सील लावलं, पेटी विमानावर रवाना केली आणि जेवायला गेलो. कॅन्टीनमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी पाठदुखीवर सल्ला विचारला तेव्हा कळलं, स्टेथोस्कोप माझ्या गळ्यातच आहे.

मी धावत जाऊन सांगितलं, पेटी परत उतरवली आणि विमान चाळीस मिनिटं थांबलं. "या, डॉक्टरसाहेब," आमचे साहेब म्हणाले, "एकशे बासष्ट पेशंट खोळंबलेत तुमच्यासाठी." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "माझ्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं होतंत," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलावर बसायला गेल्या. दोष नक्की कुणाचा, यावर मी डायरीत तीन पानं लिहिली. (माझाच. पण तीन पानं लागली.) आता मला फक्त रिकाम्या पेट्या पुसायला दिल्या आहेत.

तेव्हा बाबांच्या विमानातली पेटी दुसरंच कुणी भरणार. एक मन म्हणतं, बरंच झालं. दुसरं म्हणतं, इतक्या काळजीने भरणाऱ्याची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय? पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांना खुशाल पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांच्या गोळ्या त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेव. पँटच्या नको, सीटचा पट्टा बांधल्यावर तिथे हात जात नाही.

ता. क. २. ठेवल्यास की फोन कर. ठेवल्या आहेत असं नुसतं म्हणू नकोस, खिशाला हात लावून म्हण.

ता. क. ३. फोन राहू दे. मी बुधवारी रेल्वेने तिकडे येतो आहे, गुरुवारी बाबांच्या शेजारची जागा माझी आहे. फक्त मी आजवर कधी विमानात बसलेलो नाही. बाबांना सांगून ठेव, जरा माझ्याकडे लक्ष ठेवा म्हणावं.