काशम्माच्या कमरेची तळी

मी, डॉ. सुंदरम्मा निंगप्पा बिराजदार, वय सेहेचाळीस, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. पोटातली गाठ मला सोडणार नाही, पण डोके शाबूत आहे. माझ्यावर दडपण आणायची कोणाची छाती नाही.

१. कुंभारी गावची विहीर व तिच्याखालची जमीन वडिलांनी माझ्या नावे केली होती. ती माझी भाची अक्कम्मा हिला देते. अक्कम्मा, तुझी आई पाय घसरून बुडाली असे तुला सांगत आले. ते खोटे आहे. तुझ्या आजीने मला गप्प राहायची शपथ घातली होती; ती आता गेली.

तू पाळण्यात होतीस. तुझी आई काशम्मा विहिरीत पडली अशी बोंब उठली. गळ टाकून गाव थकले. तेव्हा माझा भाऊ शंकरप्पा, तुझा बाप, म्हणाला, "आमची सुंदरा लई खोल सूर मारती की. तीच काढंल." मी प्रांताच्या पोहण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली. बहीण भावावर उलटणार नाही, असे त्याने धरले होते. तळाशी काशम्मा होती. कमरेला दोर, आणि तो आमच्याच जात्याच्या तळीच्या, वरच्या दगडाच्या, भोकातून ओवलेला. डोके मागून फुटलेले. बुडण्याआधीच ती गेली असावी, एवढेच मी मनाला समजावत आले. तिला वर काढून मी पुन्हा सूर मारला आणि तळीही मोटेच्या नाड्याने ओढायला लावली.

पंचांनी तळीकडे पाठ करून "पाय घसरला" असे लिहिले. मी फौजदाराकडे निघाले, तर शंकरप्पाने जुवाच्या शिवळेने, बैलाच्या मानेशी असते त्या लाकडी खुंटीने, माझा उजवा हात कोपरात मोडला. सूर तिथेच संपला. त्याच वाकड्या हाताने मी डॉक्टर झाले.

२. दवाखाना नर्स गुरम्मा हिला. "पाय घसरला" म्हणणाऱ्या बाईची पाठ उघडून बघायचीच. नवरा आडवा आला तर हाताला लागेल ते घालायचे. मी एकाचे दात पाडले आहेत, त्याचा मला आनंदच आहे.

३. स्पर्धेचा चांदीचा पेला अक्कम्माच्या मुलीला. तिला त्याच विहिरीत पोहायला शिकवा.

४. शंकरप्पाला अर्धांगवायू झाल्यावर दुसऱ्या बायकोच्या पोरांनी टाकला, म्हणून मी घरी आणला. त्याचे हागणे-मुतणे मीच काढते आणि रोज वाटते, उशी तोंडावर दाबावी. त्याला मरेपर्यंत मागची खोली व जेवण. त्याच्या खाटेसमोर मी ठेवलेली तीच तळी हलवायची नाही. अट एकच: हे सारे अक्कम्मासमोर त्याला वाचून दाखवावे आणि त्याने साक्षीदार म्हणून अंगठा द्यावा. नाही दिला तर खाटेसकट रस्त्यावर ठेवावा.

सही: सुंदरम्मा निं. बिराजदार
सोलापूर, ११ मार्च १९७६

साक्षीदार:
विरुपाक्ष गुरुलिंग कोरे, वकील (सही)
शंकरप्पा निंगप्पा बिराजदार (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठा देताना शंकरप्पा बोलला ते त्याच्या शब्दांत, वकिलाच्या हातचे: "समदं ऐकलं. खरं हाय. तळी मीच बांदली. तवा तिचा श्वास चालू हुता."